मोत्यांवरचा कोट

त्या दिवशी मी वरच्या खोलीत गेले ती फक्त आरसा पुसायला. भुताखेतांचा विचारही मनात नव्हता. खांद्यावर जुन्या बनियनचं फडकं, हातात पाण्याचं भांडं, आणि पाठीमागून काकांचा आवाज: "उद्यापासून बसायचंय तुला. आरसा लख्ख कर. कोपरे सोडू नकोस, तुझी सवय आहे ती."

दिवा राहू द्या तिथंच, बारीक करू नका. ओळीनं सांगते.

आमच्या घरचा धंदा मेलेल्यांची चित्रं काढण्याचा. हसू नका, चांगला चालतो. माणूस गेला की घरचे लोक अंगठ्याएवढा फोटो घेऊन येतात आणि आम्ही त्याचं भिंतीवर शोभेल असं तैलचित्र करून देतो. धडं आमच्याकडे तयारच असतात. पुरुषांसाठी कोटाचं, बायकांसाठी मोत्यांच्या माळेचं. खालच्या मोठ्या खोलीत ती दोऱ्यांवर वाळत टांगलेली असतात. मानेपर्यंत सगळं पूर्ण, आणि वर चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं अस्तर. नवीन गिऱ्हाईक आत आलं की हमखास एक पाऊल मागं सरकतं. मला मात्र त्यांची लहानपणापासून सवय. त्यांच्याखाली बसून मी पाढे पाठ केलेत.

धडं आई रंगवते, चेहरे काका. आमच्या घरचा कायदाच आहे, बायकांनी धडं, पुरुषांनी चेहरे. का, असं विचारलं की काका म्हणतात, "चेहऱ्याला हात स्थिर लागतो." आई जाड रंगाचे ठिपके देत माळेतला एकेक मोती उठवते, एकही वाकडा नाही, आणि काकांच्या हातातली बशी सकाळी थडथडत असते. पण कायदा म्हणजे कायदा.

त्याच सुमारास एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. "जरा केस घाला हो," म्हणाल्या, "जन्मभर फार हौस होती त्यांना." काकांनी घातले. चांगला भांग पाडून घातले. मेलेल्या टकलाला केस देताना काकांचा हात कचरत नाही. जिवंत माणसानं स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही सांगितलं, की मात्र त्यांना खरं-खोटं आठवतं.

कारण मी सांगितलं होतं. चित्रकलेचं कॉलेज संपवून घरी आले त्याच आठवड्यात, जेवताना, सरळ. की तुम्ही मला मुलगा म्हणून वाढवलंत, पण मी मुलगी आहे. पहिल्यापासून होते आणि यापुढेही तशीच राहणार आहे. आईच्या हातातला चमचा थांबला. काका म्हणाले, "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं," आणि मीठ मागितलं. झालं. आमच्या घरात चर्चा म्हणतात ती एवढी. तेव्हापासून ते मला 'चिरंजीव' म्हणायला लागले. मुद्दाम, दर वाक्याला.

तरी मला आरशासमोर बसवणं त्यांना भाग होतं, घरात चेहरे शिकणारं दुसरं कुणी नव्हतं. आमच्याकडे जो चेहरे रंगवायला घेतो, त्यानं आधी वरच्या खोलीत आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं. ते जिन्यात लागलं की तो घरचा चित्रकार. नाही लागलं तर जन्मभर धडं, नाहीतर बाहेरचा रस्ता. मला बाहेरचा रस्ता नको होता. हे घर जितकं काकांचं तितकंच माझं होतं, आणि माझा हात त्यांच्यापेक्षा चांगला होता. हे त्यांना माहीत होतं. खरी आग तीच होती.

जिन्यात खालून वर पणजोबा, आजोबा, माझे वडील (मी लहान असतानाच ते गेले) आणि काका. सगळ्यांत वर, खोलीच्या दारासमोर, आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना घरात सगळे नुसतं 'धाकटे' म्हणायचे. त्यांच्याबद्दल एकच वाक्य होतं, "ते वर गेले आणि खाली आले नाहीत." वर म्हणजे याच खोलीत. खोलीला एकच दार, एकच खिडकी, खिडकीला गज. दार आतून लावलेलं. फोडलं तेव्हा आत आरसा होता, खुर्ची होती, आणि तेलात बुडवून ठेवलेला एक ब्रश.

तर मी आरसा पुसत होते.

आरसा माणसाच्या उंचीचा, लाकडी पायांवर उभा, कडेचा पारा उडालेला. फडकं फिरवलं तसा धुळीतून माझा चेहरा वर आला. माझ्या डाव्या भुवईत ही खोक आहे, बघा. लहानपणी आईची नमुन्याची माळ, जिच्याकडे बघून ती मोती रंगवते ती, गळ्यात घालून मी जिन्यात उभी होते. काका खालून ओरडले, मी घसरले. ही खोक मला आरशात डाव्या हाताला दिसते. तुम्ही समोर बसलाय, तुम्हाला ती उजव्या हाताला दिसते. एवढं लक्षात ठेवा. आरशात बघून काढलेला माणूस उलटा येतो. आमच्या जिन्यातले सगळे तसेच उलटे आहेत. समोरच्याला दिसतो तसा त्यांच्यातला एकही रंगवलेला नाही.

आरशात पाठीमागचं उघडं दार दिसत होतं, आणि दारापलीकडे धाकट्यांचं चित्र. काळा कोट, बारीक मिशी, हातात ब्रश, ओठ घट्ट मिटलेले. आरशाचा तो भाग पुसला आणि वाटलं, ते माझ्याकडे बघतायत. चित्रातले डोळे सगळीकडे बघतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. तरी मी वळून पाहिलं.

चित्रातले धाकटे जिन्याकडे बघत होते. खाली.

पुन्हा आरशात पाहायचा धीर झाला नाही. कोपरे सोडून मी खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी बसायला लागले. त्या खोलीत ऊन कधीच येत नाही. नुसता पांढुरका, थंड उजेड. खाली दुकानात लोकांची ये-जा असायची, पण दार लावलं की सगळं कुठंतरी लांब जायचं. जवसाच्या तेलाचा वास मात्र आधीपासून तिथं असायचा. जुना-खवट नाही. कुणीतरी आत्ताच बाटली उघडल्यासारखा ताजा.

मी माळ गळ्यात घातली आणि आरशात पाहिलं. खरं सांगू? इतकी वर्षं मी आरशात स्वतःला पाहिलंच नव्हतं. दात घासायला दात बघायचे, केस विंचरायला केस. सगळं मिळून कोण आहे, तिकडं डोळे जायचे नाहीत. आता काम म्हणून बघावं लागलं. हनुवटी कुठं वळते, ओठ कुठं संपतो. कोळशाची पहिली रेघ पुसली, दुसरी ठेवली, आणि मग चक्क मजा यायला लागली. हनुवटी वडिलांची निघाली. मान आईची. डोळे कुणाचेच नव्हते, माझेच होते.

गालाशी आले तेव्हा थांबले. दाढी केली तरी माझ्या जबड्यावर निळसर सावली उरते. ती न रंगवणं सोपं होतं. कुणी विचारलं नसतं. पण मग माझ्यात आणि त्या टकलावरच्या भांगात फरक काय राहिला? मी पांढऱ्यात थोडा काळा घातला, निळ्याचं टोक लावलं, हिरव्याचा कण. मनासारखी करडी निळाई जमेपर्यंत कालवत बसले. आणि सावली रंगवली, मोत्यांच्या बरोबर वर. ही मी. माळही माझी, सावलीही माझी. ज्याला बघायचं त्यानं दोन्ही बघावं.

तेव्हाच तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

कॅनव्हासवर ब्रश घासल्याचा… सर्र… सर्र… मला वाटलं माझाच. मी ब्रश उचलला. आवाज थांबला. पण लगेच नाही. एक फटकारा जास्त झाला, मग थांबला.

मी पुन्हा सुरू केलं. तोही सुरू. मी मुद्दाम मध्येच थांबले. सर्र… आणि मग शांत. माझ्या पाठीमागून नाही, बाजूनं नाही. आवाज समोरून येत होता. आरसा होता त्या बाजूनं.

"कोण आहे?" मी म्हणाले. आवाज चिरकाच निघाला, पण विचारलं.

तेलाचा वास जरासा दाट झाला. बस, तेवढंच. त्या दिवशी मी माळ काढायला विसरून खाली गेले. आईनं पाहिलं. आणि कांद्याच्या साली गोळा करत राहिली.

चित्र पूर्ण व्हायला आलं तेव्हा काका वर आले. ते जिना चढताना नेहमी कठड्याकडं तोंड करून चढतात, धाकट्यांकडे पाठ येईल असे. पाय दुखतो म्हणतात. कॅनव्हाससमोर येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"मी."

"माळ कुणाची?"

"आईची. नमुन्याची."

"आणि गालावर हे? दाढीही दाखवायची आणि माळही घालायची? एक काहीतरी ठरव, चिरंजीव."

"ठरवलंय. आहे ते काढलंय. नसलेले केस तुम्ही रंगवता. मी निदान असलेले रंगवते."

"तोंड सांभाळून." त्यांच्या मानेची शीर ताठली. "बायका चेहरे काढत नाहीत आपल्याकडे."

"म्हणजे मी बाई आहे, हे तुम्हाला मान्य आहे."

मी सोडलं नाही. "नसेन, तर तुमच्या चिरंजीवांनी स्वतःचं चित्र काढलंय. रीतसर, आरशात बघून. लावा जिन्यात. दोन्हीतलं सोयीचं असेल ते घ्या, काका. पण एकच घ्या. ठरव म्हणता ना?"

"फार शिकलास," ते म्हणाले.

"तुम्हीच पाठवलंत."

ते खाली गेले. जाताना पायऱ्यांवर त्यांची चप्पल निसटली, पण ते उचलायला थांबले नाहीत. धाकट्यांसमोर पडली होती ती.

सकाळी त्यांनी मला त्या केसवाल्या गृहस्थांचं चित्र पोचवायला पाठवलं. एवढ्या गोडीनं पाठवलं, की तेव्हाच कळायला हवं होतं. बाईंनी कागद सोडला, चित्र बघितलं, डोळे बारीक केले. "तोंड यांचंच आहे," म्हणाल्या, "पण हा कोण?" मी म्हटलं, परत नेऊ का? त्या म्हणाल्या, "राहू दे गं. होईल सवय." आणि त्यांनी नवऱ्याला सोफ्यामागं उभं केलं, भिंतीकडं तोंड करून.

राहू दे गं. अनोळखी बाई, सहज बोलून गेल्या. मी उड्या मारत घरी आले.

जिन्यात टर्पेंटाइनचा वास भरला होता. वर खोलीचं दार उघडं, काका खिडकीशी ब्रश पुसत उभे. कॅनव्हासवर एक तरुण माणूस होता. काळा कोट, टाय, आखूड केस, बारीक मिशी. चेहरा गुळगुळीत. काकांचं काम वाईट नसतं, तेच तर वाईट आहे.

"जिन्यात हा लागेल," ते म्हणाले. "होईल सवय."

मी फडकं उचललं आणि हात मध्येच थांबला. माझा रंग ओला होता. तैलरंग आठवडाभर ओला राहतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. वरचा कोट पुसायला गेले असते तर खालची मीही त्याच फडक्यात गेले असते. ओल्यावर रंगवू नये, हा या धंद्यातला पहिला धडा. काकांनी तोच मोडला होता. घाईत, रागात. आता त्यांचा माणूस आणि मी एकमेकांत कालवले गेलो होतो, आणि कुणालाही सोडवता येणार नव्हतं.

मी ओरडले. काय ओरडले ते नाही सांगत, या घरात तुम्ही पाहुणे आहात. काका शांतपणे खाली गेले. आई जिन्यात उभी होती, हातात बॅटरी.

"ये इकडं," ती म्हणाली. फार हळू.

तिनं बॅटरी धाकट्यांच्या चित्राला अगदी चिकटवून धरली, कडेनं, तिरकी. उजेड रंगावरून आडवा सरकला, आणि काळ्या कोटावर बारीक बारीक उंचवटे उठून दिसले. गळ्याभोवती. एका ओळीत, गोल.

"हात लाव."

मी बोट फिरवलं. एक, त्याच्याशेजारी एक, मग आणखी. मी लहानपणीही हात लावला होता तिथं. तेव्हा वाटलं होतं रंगाला पुरळ आलंय.

"मोती," मी म्हणाले.

"जाड रंगाचे ठिपके द्यावे लागतात," आई म्हणाली. "वरून कितीही काळं फासलं तरी ते बसत नाहीत. तुझ्या आजोबांनी फासलं. पण त्यांनी खालचं वाळू दिलं होतं. महिनाभर वाट बघितली, मग कोट चढवला. त्याच संध्याकाळी…" तिनं बॅटरी विझवली. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ही चित्रं मीच पुसते. मला कुणी पूर्ण सांगितलेलं नाही. थोडं कानावर आलं, बाकी हाताला कळलं."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलीस?"

"हो," आई म्हणाली. "बसले." मग म्हणाली, "तू बसू नकोस, अगं."

मी वर गेले आणि दाराला आतून कडी घातली.

काय करणार होते, मलाही माहीत नव्हतं. एवढंच ठरवलं होतं, की मी नाहीशी होणार नाही. धाकट्यांना या घरानं पुसलं आणि ते गेले. मी नाही जाणार. मी खुर्चीत बसले, माळ गळ्यात घातली. कोटवाल्या माणसाचं चित्र बाजूला, इझलवर. समोर आरसा. बाहेर संध्याकाळ उतरत होती. दिवा लावला नाही. आरशातली मी आधी रंगहीन झाले, मग नुसता आकार, मग खुर्चीत बसलेला एक अंधार.

"धाकटे आजोबा," मी आरशाकडे बघून म्हणाले. आणि मग जीभ अडली. आजोबा कसले? कुणी विचारलं होतं त्यांना? "धाकटी आजी," मी म्हणाले. "मी इथंच बसणार आहे. हवं तर बघ."

तेलाचा वास आला… दाट, गोडसर.

सर्र.

यावेळी माझ्या हातात ब्रश नव्हता.

सर्र… सर्र… कुणीतरी कामाला लागलं होतं. सवयीच्या, न घाबरणाऱ्या हातानं. मध्येच ब्रश डब्यात खळखळल्याचा आवाज, डब्याच्या काठावर निथळल्याचा. मला उठून पळावंसं वाटलं. पण मनात आलं, चित्रासाठी बसलेल्या माणसानं हलायचं नसतं. आणि मी हलले नाही.

मग हनुवटीखाली काहीतरी टेकलं. लाकडी, गुळगुळीत, थंड. ब्रशचं मागचं टोक. त्यानं माझी हनुवटी जराशी वर उचलली… जराशी डावीकडे वळवली… आणि बाजूला झालं. आम्ही कॉलेजात मॉडेलला असंच नीट बसवायचो.

जिन्यात पावलं वाजली. काकांची थाप पडली दारावर.

"दार उघड. पोरखेळ पुरे झाला."

मी तोंड उघडलंच नव्हतं. शपथेवर सांगते.

"थांब, छोट्या," खोलीतून आवाज आला. शांत, थोडासा घोगरा. पुरुषाचा की बाईचा, मला नाही सांगता येणार. आणि मला सांगायचंही नाही. "अजून ओलं आहे."

दारापलीकडे पाऊल एक पायरी मागं गेलं.

"धाकटे…?" काका म्हणाले. आवाज काकांचा नव्हता. सहा-सात वर्षांच्या पोराचा होता. "मी… मी नाही सांगितलं बाबांना. मी फक्त… माळ दिसली म्हणून म्हणालो…"

ब्रश चालू राहिला. काका पायऱ्यांवर बसल्याचा आवाज आला.

काकांना 'छोट्या' म्हणणारं माणूस आता जगात कुणी उरलेलं नाही. मी तर ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

किती वेळ गेला, विचारू नका. शेवटी आई दिवा घेऊन आत आली. मी कडी काढली नव्हती. ती म्हणते, दार नुसतं लोटलेलं होतं.

दिव्याचा उजेड कॅनव्हासवर पडला. कोट नव्हता. टाय नव्हता, मिशी नव्हती. मी होते. माळ होती, आणि माळेच्या वर ती करडी निळाई, माझ्या मापाची. तोंडावर राग होता, आणि रागाखाली काहीतरी, जे मी आरशात कधी पाहिलं नव्हतं. एवढं देखणं मी स्वतःला काढलंच नव्हतं. धाडसच झालं नव्हतं.

"वहिनी, दिवा जरा जवळ आणा," काका म्हणाले. ते आईच्या मागून आत आले होते. त्यांनी वाकून रंगाला नख लावलं. नख घसरलं. रंग हाडासारखा कोरडा होता. सगळ्या चेहऱ्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं. तशा भेगा पडायला पन्नास वर्षं लागतात.

"हे आजचं नाही," काका पुटपुटले.

आईनं बोट उचलून माझ्या डाव्या भुवईवर ठेवलं, मग चित्रावर. खोक चित्रात उजव्या हाताला होती.

आरशात बघून ती तशी काढता येत नाही. मी काढली होती ती डावीकडे. खोक उजवीकडे यायला कुणीतरी माझ्यासमोर बसावं लागतं. समोर बसून, डोळे भरून मला बघावं लागतं.

"हे जिन्यात लागणार," मी म्हणाले.

"बाईनं काढलेला चेहरा…" काकांनी सवयीनं सुरुवात केली.

"दोघींनी काढलाय," मी म्हणाले. "स्टूल धरता का, की आईला सांगू?"

त्यांनी स्टूल धरलं. खिळा मीच ठोकला, धाकट्या आजीच्या शेजारी.

याला आता वर्ष होत आलं. चेहरे मी रंगवते. लोक फोटो आणतात तेव्हा विचारते, माणूस खरंच असा होता का? काही बायका मग खुर्ची ओढून बसतात आणि वेगळंच काहीतरी सांगतात. तेच काढते. परवा सकाळी वरून पाण्याचा आवाज आला म्हणून गेले, तर आई आरसा पुसत होती. कोपऱ्यांसकट. "उद्यापासून बसीन म्हणते," म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात थांबले. धाकट्या आजीच्या चित्राशी हात सहज गेला. कोट बोटाला लागला. इतकी वर्षं दगडासारखा घट्ट होता तो, आता लोण्यासारखा मऊ. आणि बोट गेलं तिथं खाली पांढरा मोती चमकला. चित्रात तिच्या हातातल्या ब्रशचं टोकही ओलं आहे. त्यावरचा रंग मी बोटावर घेऊन दिव्याजवळ पाहिला. करडी निळाई. माझ्या गालासाठी कालवलेली, ती डब्यात उरलीच नव्हती.

ते सगळं मला कळतं. म्हणजे, कळत नाही, पण भीती वाटत नाही. उरतं ते एवढंच.

त्या दिवशी खाली उतरताना कठड्याऐवजी भिंतीचा आधार घेतला. बोटं काकांच्या चित्रावरून गेली. त्यांचं ते जुनं चित्र, तरुणपणी काढलेलं, ताठ मान, भरघोस मिशी. खाली येऊन बघते तर बोटांना काळं लागलेलं.

मिशी ओली झाली आहे, त्या कोटासारखीच.

काकांना मी अजून सांगितलेलं नाही.